डुक्कर एकाच दिशेने जातं

२ सप्टेंबर

मामा पाइपाच्या तोंडाशी लाँचरच्या झाकणाचे बोल्ट सैल करताहेत, तेवढ्यात हे लिहिते आहे. कागद गुडघ्यावर आहे म्हणून अक्षर असं. आतला गॅस शिट्टी वाजवत बाहेर पडतो आहे. शिट्टी थांबली की झाकण उघडायचं आणि पाइप साफ करायचं डुक्कर आत ढकलायचं. त्याआधी हा कागद पिशवीत, पिशवी ग्रीसच्या रिकाम्या डबीत आणि डबी डुकराच्या पोटात, दोन रबरी चकत्यांच्या मधल्या पोकळीत. तिकडे डुक्कर बाहेर काढून पुसायला घेशील तेव्हा हाताला लागेल. पुसायचं काम अजून तूच करतोस ना?

"प्रेमपत्र आहे की पंचनामा? आटप," मामा म्हणतात. तू त्यांना कधी मामा म्हणाला नाहीस. सगळं स्टेशन मामा म्हणायचं आणि तू 'शिफ्ट-इन्चार्ज साहेब'. ते अजून तुझी नक्कल करतात.

कल्पना त्यांचीच. मी फक्त म्हटलं होतं की या डुकराचं बरं आहे. पाइप साफ करत, गॅसच्या रेट्याने, काटेरी तारेखालून, सुरुंगांखालून, दोन्हीकडच्या सैन्यांच्या पायांखालून सरळ तुझ्या स्टेशनात जाऊन बाहेर पडतं. त्याला कोणी कागद विचारत नाही. मामा म्हणाले, मग दे ना त्याच्या पोटात एक.

गॅस इकडून तिकडे जातो, म्हणून डुक्करही इकडून तिकडेच जातं. तुझ्याकडून काही येऊ शकत नाही. पूर्वी ट्रकने परत पाठवायचास, धुऊन, आणि वर खडूने काहीतरी वात्रट लिहून. रस्ता बंद झाल्यापासून एकही परत आलं नाही. गोदामात थोडीच उरली आहेत. ती संपली की हेही संपलं.

तू उत्तर देऊ शकत नाहीस, हे लिहायला बसल्यावर सोयीचं वाटतं आहे. खोटं कशाला सांगू.

आई बऱ्या आहेत. गुडघा दुखतो, जीभ शाबूत आहे. इथे सगळ्यांना वाटतं की युद्धाने आपली ताटातूट केली. मी तसं वाटू देते. आईंनासुद्धा. तू आधी गेलास, सरहद्द नंतर आली, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. बदली मागून घेतलीस, बढती मिळाली, क्वार्टर मिळालं, दोन खोल्यांचं. 'तुम्ही दोघी मागून या' म्हणालास. म्हणताना मोजे शोधत होतास.

शिट्टी थांबली.

वाचलंस तर एक कर. रोजच्या फोनवर मी प्रेशरचा आकडा सांगितल्यावर, नीट ऐकू आला तरी, एकदा 'परत सांगा' म्हण. त्यात नियमाबाहेरचं काही नाही.


२१ सप्टेंबर

त्या संध्याकाळी फोनवर तू म्हणालास, "डुक्कर आलं." बाकी काही नाही. मी प्रेशर सांगितलं, तू प्रेशर सांगितलंस. 'परत सांगा' नाही. मधे लाइनवर तो तिसरा माणूस ऐकत होता, ज्याला कायम सर्दी असते. मग रोजच्यासारखी त्याने लाइन तोडली, खट्ट.

म्हणजे डबी मिळाली नाही, किंवा दुसऱ्याच कोणाला मिळाली, किंवा तुला मिळाली आणि तू म्हणणार नाहीस. तिन्ही शक्यता घेऊन मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यानंतरही रोज दोन वेळा तुझा आवाज येतो. तू 'अठ्ठेचाळीस' म्हणताना 'अठ्ठे'वर अजून अडखळतोस. त्यावरून कळतं की तूच आहेस. प्रेशर सत्तेचाळीसवर आलं की मला करमत नाही.

आता आईंचं खरं सांगते. मागच्या पत्रात लपवलं. तोफगोळ्याने आपल्या घराचा मागचा अर्धा भाग गेला. आम्ही आत नव्हतो, मी ड्यूटीवर आणि त्या रांगेत. आता आम्ही पट्ट्यावर राहतो.

हो, पट्ट्यावर. जमिनीखालून पाइप जातो तोच पिवळ्या खांबांमधला पट्टा, जिथे बांधकाम करू नये, खणू नये, झाड लावू नये, अशा पाट्या तू आणि मी मिळून ठोकल्या. आईंचा वेलाचा मांडव तू स्वतः तिथून उपटला होतास आणि त्या आठवडाभर तुझ्याशी बोलल्या नव्हत्या. आता त्याच पट्ट्यावर अख्खं गाव पत्र्याच्या खोल्या ठोकून राहतं. कारण सगळ्यांना एक गोष्ट कळली आहे: गोळे घरांवर पडतात, शाळेवर पडतात, पाण्याच्या टाकीवर पडले. पट्ट्यावर पडत नाहीत. इकडचेही टाकत नाहीत, तिकडचेही नाहीत.

आईंनी खाट बरोबर पाइपावर टाकली आहे. मामांकडून नकाशा बघून घेतला. म्हणतात, "पोराने मांडव उपटला, आता बघ म्हणावं, म्हातारीच रुजली."

गोळे का पडत नाहीत ते आम्हाला रोज समोर दिसतं. मोठ्या दोन देशांनी एकेक इंजिनियर आपल्या स्टेशनात बसवला आहे. एका देशाच्या कंपनीचा हा गॅस. दुसऱ्याच्या मित्रांचे कारखाने आणि अंघोळीचं पाणी तुमच्या पलीकडे त्यावर चालतं. पहिला आमच्या लोकांना तोफा देतो, दुसरा तुमच्या लोकांना. पहिला विकतो, दुसरा घेतो. मीटरवर दोघांची सीलं, दोन वेगळ्या रंगांच्या तारा. सील तपासायला दोघं एकत्रच जातात, कारण एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. मग एकत्रच चहा पितात, कारण तिसरं कोणी त्यांच्याशी बोलत नाही.

आईंनी त्यांची नावं ठेवली आहेत, उंच्या आणि बुटक्या. गेल्या आठवड्यात गोळे पट्ट्याच्या जवळ सरकायला लागले. बुटक्या चहाचा कप हातात घेऊन बाहेर आला, आवाजाचा अंदाज घेतला, आत जाऊन फोन केला. चहा निवायच्या आत तुमच्याकडचे थांबले. दुसऱ्या वेळी उंच्याने फोन केला आणि आमच्याकडचे थांबले. पट्ट्यावर आमच्या शेजारी राहणारा शिंपी माझ्याजवळ उभा होता. म्हणाला, "एवढं सोपं होतं?"



आई उंच्याला विचारतात, "तुझी आई आहे का रे?" तो भाषा न कळून मान हलवतो. "मग जा की घरी," आई म्हणतात. तो पुन्हा मान हलवतो. दोघांचं छान जमतं.


१५ ऑक्टोबर

तू म्हणालास.

काल सकाळी मी सांगितलं, "अठ्ठेचाळीस." तू म्हणालास, "परत सांगा." मी सांगितलं. तू पुन्हा म्हणालास, "परत सांगा." सर्दीवाला खाकरला. मी सांगितलं. तिसऱ्यांदा तू काही म्हणाला नाहीस, पण फोन ठेवलाही नाहीस, आणि मला तुझ्या खोलीतला पंख्याचा आवाज ऐकू आला. मग खट्ट.

मी खुर्चीत बसून राहिले. मामांनी विचारलं, प्रेशर किती? मला आठवेना.

आज पुन्हा डुक्कर सोडायचा दिवस आहे. तुझ्या त्या दोन शब्दांच्या उत्तरादाखल पानभर लिहावं असं वाटलं होतं. तू कुठे जेवतोस, दोन खोल्यांपैकी दुसरीत काय ठेवलंस, खिडकीतून काय दिसतं. मनात एवढे प्रश्न आहेत आणि विचारायला जागा नाही, कारण उत्तर यायला जागा नाही. म्हणून मीच उत्तरं ठरवून टाकली आहेत. दुसऱ्या खोलीत तू सायकल ठेवतोस. खिडकीतून भिंत दिसते. राग आला तर येऊ दे.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

परवा दुपारी शिंप्याच्या खोलीतला रेडिओ कोणीतरी मोठा केला. मोठ्या दोघांनी हात मिळवले. कुठल्यातरी तिसऱ्याच देशात, हिरवळीवर. निवेदक म्हणाला, मैत्रीचा नवा अध्याय. पट्ट्यावरचे लोक बाहेर आले. टाळ्या वाजवल्या. शाळेच्या बाई रडल्या. शिंप्याने दारावरचं ब्लँकेट काढून झटकलं, जसं काही आता घरीच जायचं आहे. म्हणाला, "मोठ्यांचं मिटलं की धाकट्यांचं आपोआप मिटतं."

आई खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. भांडण मिटल्यावर तिसऱ्याचं काय होतं, ते कुठं सांगून ठेवलंय?"

"आजी, चांगल्या तोंडाने काही बोला," शिंपी म्हणाला.

"आधी चांगल्या डोळ्यांचा माणूस बघ. दोरा ओवून दे."

सगळे हसले. मी हसले नाही. मी स्टेशनात गेले. त्या आठवड्यात गॅसचा प्रवाह दोनदा कमी करायला सांगितला होता, कारण न देता. उंच्या आणि बुटक्या वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते. आता त्यांना एकमेकांवर नजर ठेवायची गरज नव्हती.

मामांना विचारलं, "समुद्राखालची लाइन झाली का?"

मामांनी चष्मा पुसला. "मला सांगायची बंदी आहे."

"म्हणजे झाली."

"मी कुठे सांगितलं? तूच म्हणालीस."

समुद्राखालून नवी लाइन टाकताहेत हे आपण लग्न झालं तेव्हापासून ऐकतो आहोत. तू म्हणायचास, ती आपल्या नातवंडांच्या काळात होईल. झाली. गॅस आता आम्हाला आणि तुम्हाला दोघांनाही वळसा घालून जाणार. मोठ्या दोघांना या जमिनीखालचं काही नको. वरचं तर कधीच नको होतं.

आणि पाइप रिकामा झाला की पट्टा म्हणजे नुसती जमीन. जशी शाळेची होती.

मी नळावर सांगितलं. सरळ सांगितलं: गॅस बंद होणार आहे, बंद झाल्यावर इथे फोन करणारं कोणी नसेल, त्याच्या आत निघा. एकजण म्हणाला, "वहिनी, कालच तर शांतता झाली, आज कुठे पळवता?" दुसरी म्हणाली, हिच्या डोक्यात गॅस गेलाय. शिंपी तेवढा गप्प होता. पण त्यानेही बादली भरली आणि गेला. त्यांचं चुकत नाही. रेडिओवर टाळ्या होत्या. माझ्याकडे प्रवाहाचा एक घसरता आकडा होता.

आकडा तुलाही दिसत असेल. तिकडे तुला कोणी सांगितलं आहे का? तुमच्या बाजूच्या पट्ट्यावरही लोक राहतात का?


३ नोव्हेंबर

हे शेवटचं डुक्कर.

आज संध्याकाळी पाचला गॅस बंद करायचा हुकूम आला आहे. मामांना तो चार दिवस आधी आला आणि त्यांनी मला लगेच सांगितला, बंदी असूनही. यावेळी चष्मा पुसला नाही.

लोक निघाले आहेत. माझ्या सांगण्याने नाही. हुकूम यायच्या आदल्या दिवशी बुटक्या आईंच्या खोलीवर आला. हातात त्याची विजेची शेगडी होती, गुंडाळलेल्या वायरसकट. ती त्याने खाटेशेजारी ठेवली, हाताने 'तुला' अशी खूण केली आणि गेला. मी ड्यूटीवरून आले तर आई शेगडीकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, खूश असतील.

"हा उद्या-परवा जाणार," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अगं, थंडी तोंडावर आलीय. थंडीच्या तोंडावर कोणी शेगडी देऊन टाकतं का? ज्याला इथली थंडी काढायची नाही तोच देतो."

मग त्या शेगडी कडेवर घेऊन उठल्या, लहान मूल घेतात तशी, आणि दुखऱ्या गुडघ्याने खोलीखोलीत गेल्या. प्रत्येक दारात तेच एक वाक्य. शेगडी दाखवायची, वाक्य बोलायचं, पुढे. माझं बोलणं कोणी ऐकलं नाही ते त्या शेगडीचं ऐकलं. त्याच संध्याकाळी शिंप्याने मशीन बांधायला घेतलं. म्हणाला, "आजी, तुम्ही रेडिओवर का नाही बोलत?"

"मला कोण हात देणार?" आई म्हणाल्या.

आता पट्टा जवळजवळ रिकामा आहे. शेवटचा ट्रक आज अंधार पडायच्या आत निघेल. आणि आता खरी अडचण ऐक. ज्यांनी सगळ्यांना हलवलं त्या आईच स्वतः हलत नाहीत.

"तो येईल तेव्हा इथे येईल," म्हणतात. "आपण नसलो तर कोणाला विचारेल? पाइपाला?"

मी म्हटलं, मी त्याला कळवते.

"कळव. त्याला कळलं असं मला सांग. मग मी चढते ट्रकात."

त्यांना डुकराचं माहीत आहे. मामांनी सांगितलं म्हणे. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चांगल्या माणसाला पोस्टमन मिळत नाही, आणि हिला डुक्कर मिळालं."

म्हणून नीट वाच. आम्ही बंदराच्या गावी जातो आहोत, माझ्या धाकट्या आत्याकडे. तू तिला लग्नात पाहिलं आहेस, सगळ्यांच्या ताटांत डोकावत होती ती. गोदीच्या मागच्या रस्त्याला दोरखंडांचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून. दुकान बंद असलं तरी जिना उघडा असतो. आत्या ओळखणार नाही, मग आईंचं नाव सांग.

परत ये असं मी म्हणत नाही. कुठे यायचं ते सांगते आहे.

बाकीचंही लिहून टाकते, कारण यानंतर पोट नाही. तू गेलास तेव्हा मला हलकं वाटलं होतं. महिनाभर मी दोन्ही उशा घेऊन झोपले. मग रस्ता बंद झाला आणि तुला यायचं असलं तरी येता येणार नाही असं झालं. त्या दिवसापासून मी वाट बघते आहे. आधी बघायची होती, तेव्हा बघितली नाही. तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. 'परत सांगा' दोनदा म्हणालास, एवढ्यावर मी हे सगळं उभं केलं आहे. पडलं तर पडू दे.

मामा हाक मारताहेत. प्रवाह अर्ध्यावर आणला आहे, डुक्कर नेहमीच्या वेगाने जाणार नाही. संध्याकाळी पाचला बंद केलं तर ते वाटेतच थांबेल, कुठल्यातरी शेताखाली. मी हे मामांना म्हटलं. ते म्हणाले, "तू डबी ठेव. बाकीचं मशीन बघेल."


१२ नोव्हेंबर

हे पत्र इथल्या मदत छावणीत दिलं तर तिसऱ्याच देशातून फिरून तिकडे जातं म्हणे. कधी पोचेल सांगत नाहीत. आधीचं तुला मिळालं असेल तर हे नुसतं पुढचं आहे. मिळालं नसेल तर पत्ता पुन्हा खाली लिहिते.

त्या दिवशी पाच वाजले. मुख्य ऑफिसातून फोन आला, बंद केलं का? मामा म्हणाले, "व्हॉल्व्ह अडकलाय साहेब. फिरत नाही. जुना आहे, तेल घालतोय." त्यांच्या हातात तेलाचा डबा नव्हता, बिस्किटाचा पुडा होता. 

बुटक्या दुपारीच गेला होता. उंच्या मात्र शेवटची नोंद करायला थांबला होता. गाडी बाहेर चालू. तो सरळ व्हॉल्व्हपाशी गेला आणि चाकाला हात घातला. चाक गरकन फिरलं. तुला माहीत आहे, तो व्हॉल्व्ह मामा स्वतः दर महिन्याला ग्रीस करतात, लोण्यासारखा फिरतो. उंच्याने मामांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चाक पहिल्या जागी परत फिरवून ठेवलं.

"अडकलाय," तो म्हणाला. आमच्या भाषेतला त्याचा तो पहिलाच शब्द. तो त्याने आमच्याकडून आत्ताच उचलला होता.

हात पुसून तो गाडीत बसला. पट्ट्यापाशी आईंना बघून काचेतून मान हलवली. त्या मेहेरबानीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या एका फोनने गोळे थांबायचे हे मी विसरलेले नाही.

रोजच्या वेळेला मी फोन लावला. पलीकडे तू नव्हतास. कोणीतरी नवा होता, आवाजाने पोरगेलासा. मी आकडा सांगितला. त्याने सांगितला. त्याने 'अठ्ठावीस' अगदी सुरळीत म्हटलं.

"डुक्कर?" मी विचारलं.

"नाही."

"तुमच्या आधीचे ऑपरेटर..." एवढंच बोलले. खट्ट. सर्दीवाला शेवटपर्यंत नेकीने वागला.

तू रजेवर होतास, की हलवलं तुला, की तुमच्याही पट्ट्यावरून कोणाला ट्रकात बसवत होतास? मी तिसरं धरून चालले आहे. माझी उत्तरं मीच ठरवते हे तुला माहीत आहे.

ट्रक पट्ट्याच्या टोकाला उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आई बॅग मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. मी गेले आणि म्हटलं, "आलं म्हणाला. डुक्कर आलं. त्याला मिळालं."

आईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या. शिंप्याने आणि मी त्यांना वर चढवलं.

मामा आले नाहीत. म्हणाले, तेल घालायचंय.

ट्रकात सगळे दाटीने बसलो होतो. गाव मागे पडलं.  मग आई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "नाही म्हणाला ना?"

मी त्यांची बॅग माझ्या मांडीवर ओढून घेतली.

"आलं असतं तर तू आधी रडली असतीस आणि मग सांगितलं असतंस. तू आधी सांगितलंस."

"मग चढलात कशाला?"

"मी नसते चढले तर तू चढली असतीस का?"

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बदली त्याने मागून घेतली होती. मला तेव्हाच कळलं. मोजे शोधायला त्याला एवढा वेळ कधी लागत नाही." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. किंवा झोपल्यासारखं केलं.

पत्ता: बंदर, गोदीमागचा रस्ता, दोरखंडांच्या दुकानाचा वरचा मजला, जिना बाहेरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यावर गोळे पडले. तिथे कोणी नव्हतं. दोन दिवसांनी मामा चालत इथे पोचले. पायांना फोड आले होते. म्हणाले, व्हॉल्व्ह त्यांनी चांगलं उजाडल्यावर बंद केला. तोवर गॅस जात होता.